दिवेलागणीचा पहारा आणि पंचवीस मिनिटांचा कोंबडा

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःला शिस्त लावून पाहावी, असं थोर लोक सांगतात. मी लावून पाहिली. गाव अजून ती विसरलेलं नाही.

आमचं गाव नागाव आणि चौल यांच्या मधे. माझी नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत चार खोल्यांचा होमस्टे. होमस्टे म्हणजे पूर्वी आपण पाहुण्यांना फुकट जेवू घालायचो, त्याचंच सुधारलेलं रूप. फरक इतकाच, की पूर्वीचे पाहुणे पंखा हळू फिरतो म्हणून तक्रार करत नसत.

देवळात मार्गशीर्षात सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री भजन अखंड. एका मंडळाने उठायचं, दुसऱ्याने बसायचं, पण मधे सूर तुटता कामा नये. या पाळीला पहारा म्हणतात. मंडळं वाढत गेली तसा पहारा आखडत आता तासावर आला आहे. पहारा बदलतानाची आमच्याकडची रीत पाहण्यासारखी असते. नवा पेटीवाला जुन्याच्या बाजूला सरकून बसतो, वाजत्या हातावर आपला हात ठेवतो, आणि जुना आपला हात खालून अलगद काढून घेतो. भाताही तसाच, या हातातून त्या हातात. ऐकणाऱ्याला माणूस बदललेला कळू नये.

सप्त्यातल्या मधल्या दिवसाचा दिवेलागणीचा पहारा आमच्या वरच्या आळीचा. कधीपासून, ते विचारू नका; वरच्या आळीला विचारलंत तर देऊळ बांधलं त्याच्या आधीपासून. तो पहारा मानाचा, कारण त्या वेळी अख्खा गाव देवळात असतो आणि कर्ण्यावरून आवाज थेट किनाऱ्यापर्यंत जातो. खालच्या आळीला पहाटेचा पहारा. तो ऐकायला देव आणि देवळातलं कुत्रं, दोघेच असतात, आणि त्यातलाही एक झोपलेला. त्यामुळे आमच्या पहाऱ्यावर खालच्या आळीचा डोळा. त्यांची अट जुनीच आहे: वरच्या आळीचा सूर एकदा तुटू दे, की पहारा आमचा.

आणि नेमका आमचा पेटीवाला आडवा झाला. म्हणजे माणूस धडधाकट होता, खांदा आडवा झाला. डावा. हे पेटीवाले म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. खांदा असा आखडला, की भाता मारायचा सोडाच, बनियन घालतानाही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विव्हळत. डॉक्टरने सांगितलं, यंदा पेटी नको.

आमचे बुवा, म्हणजे भजनातले मुख्य गाणारे, माझे चुलतभाऊ. आवाज उत्तम, आणि तो उत्तम आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक. ते माझ्या ओटीवर येऊन बसले.

"तुला लहानपणी पेटी येत होती ना रं?"

"येत होती म्हणजे... दोन-तीन पदं."

"झालं तर मग. यंदा तू बसायचं. न्हाय तर पहारा गेला खालच्या आळीला. मग मला तोंड दाखवायला जागा न्हाय."

"तुमचं तोंड एवढं मोठं आहे भावोजी," आतून बायको म्हणाली, "जागा कुठे ना कुठे मिळेलच."

मी हो म्हटलं. भलत्या वेळी हो म्हणणं हा माझा एकमेव सातत्याने केलेला रियाज.

आता कुणीही शहाणा माणूस उठून मामांकडे शिकायला गेला असता. घर तीन वाड्या सोडून. पण मामांचं शिकवणं मी पाहिलेलं होतं. एका सुरावर बसवायचे ते दुपार उलटेपर्यंत. मधेच विडा लावायचे, मधेच कुणाची तरी निंदा करायचे, मग पुन्हा तोच सूर. त्यात शिस्त म्हणून नव्हती. आणि माझ्याकडे त्याच आठवड्यात शिस्त चालत आली होती, पुण्याहून, स्वतःच्या गाडीने.

हा माझा एक नेहमीचा पाहुणा. कॉम्प्युटरवाला. दर महिन्याला येतो आणि माझ्या वाडीत झुल्यावर पडून काम करतो. मी पेटी पुसत बसलेला पाहून त्याने मला समजावलं.

"काका, लोक तासन्‌तास प्रॅक्टिस करतात आणि काही होत नाही. का? फोकस नाही! पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं ब्रेक. पंचवीस मिनिटं जग बुडालं तरी उठायचं नाही. आणि पंचवीस झाली की सूर अर्धा असला तरी सोडायचा. प्रत्येक इंटर्व्हल एकदम फ्रेश."

"आणि कुणा जाणकाराला विचारलं तर?"

"काका, माणूस नको. सिस्टम हवी."

माणूस नको हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्याने माझ्या फोनमध्ये ते घड्याळ घालून दिलं. वेळ भरली की वाजायला बरेच आवाज होते: घंटा, शिट्टी, पाण्याची खळखळ. मी कोंबडा निवडला. म्हटलं, गावातल्या माणसाला गावातलाच आवाज बरा. या निर्णयाचा पहिला परिणाम असा झाला, की शेजारणीचा खराखुरा कोंबडा आमच्या कुंपणावर येऊन उत्तर द्यायला लागला. दुसरा परिणाम असा, की त्या दोघांतला कोणता माझा, हे मला कळेनासं झालं आणि काही इंटर्व्हल सात-आठ मिनिटांतच संपले.

पण शिस्त म्हणजे शिस्त. सकाळी चहा झाला की पेटी समोर. झाकण काढायचं, पुसायचं, उदबत्ती लावायची, सूर धरायचा. मग नमन. मग पहिला अभंग. दुसरा अभंग निम्म्यावर आला, की कोंबडा. हात वर! सूर अर्धा सोडून मी ताडकन उठायचो. पाच मिनिटांनी परत आलो की इंटर्व्हल एकदम फ्रेश: झाकण, उदबत्ती, सूर, नमन.

शहाण्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पाच मिनिटांच्या विश्रांतीचं काय झालं तेही सांगतो. त्यात डोळे मिटून बसायचं, असं पाहुण्याने सांगितलं होतं. पण नवरा दिवसातून इतक्या वेळा, ठरलेल्या वेळी, रिकाम्या हाताने आणि कोंबड्याची पूर्वसूचना देऊन उठतो, हे पाहून कुठली बायको गप्प बसेल? पहिल्या विश्रांतीत तिने मोटर चालू करायला धाडलं. दुसरीत पाट फोडून पाणी पोफळींकडे वळवायला. मग पडलेल्या झावळ्या ओढून आणणं, दोन नंबरच्या खोलीतला गीझर पाहणं, सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या त्या परतणं. महिन्याभरात वाडी अशी लखलखीत झाली, की लोक थांबून बघायचे. कॉम्प्युटरवाल्याची पद्धत शंभर टक्के खरी निघाली. कामात जबरदस्त प्रगती झाली. फक्त ती विश्रांतीच्या बाजूला झाली.

"चांगली आहे हो तुमची सिस्टम," बायको म्हणायची. "लग्नाच्या वेळी का नाही लावलीत?"

मंडळाची तालीम दोनदा झाली. दोन्ही वेळा मी गेलो. नमन असं वाजवलं, की टाळवाले एकमेकांकडे बघायला लागले. पहिला अभंग तर बुवांनी डोळे मिटून घेतला, आणि बुवा दुसऱ्याच्या कामावर डोळे सहसा मिटत नाहीत. तेवढ्यात खिशात कोंबडा आरवला. मी हात जोडले, "माझा ब्रेक," म्हटलं आणि उठलो. जाताना बुवांचा आवाज ऐकू आला, "बघा! याला म्हणतात तयारी. एवढ्यातच भागतंय त्याचं." पाच मिनिटांनी परत यायचं, असा माझा दोन्ही वेळा प्रामाणिक विचार होता. पण वाटेतच घर, आणि घरात झावळ्या.

मामा तालमीला खांबाला टेकून बसायचे, पोटाशी धरलेला हात, चेहऱ्यावर एरंडेल. मी शिकायला आलो नाही याचा राग त्यांनी मनात अजिबात ठेवला नव्हता. सगळा तोंडावर होता.

"काय जावई, गजर बसवला का?" ते एकदा म्हणाले. गजर म्हणजे पहाऱ्याचा शेवट. नुसतं देवाचं नाव, पण लय चढत चढत जाते, आणि त्यातच पुढचं मंडळ येऊन हातावर हात ठेवतं. सगळा पहारा तिथे जिंकतात किंवा घालवतात.

"होईल की मामा. सिस्टमने चाललंय."

"व्हय का? मग सिस्टमलाच बसव पेटीवर."

सप्त्याचा आमचा दिवस शनिवारी आला. मार्गशीर्षातला शनिवार म्हणजे पुण्या-मुंबईची निम्मी माणसं आमच्याकडे, आणि उरलेली काशीदच्या वाटेवर अडकलेली. माझ्या चारही खोल्या भरलेल्या. दुपारनंतर मी शेवटचा इंटर्व्हल लावून बसलो आणि नेमका कॉम्प्युटरवाला गाडी घेऊन दारात.

"काका, पार्किंग फुल आहे. कुठे लावू?"

आता उठून दाखवायचं म्हटलं तर इंटर्व्हल मोडतो. पंचवीस मिनिटं जग बुडालं तरी उठायचं नाही, हे त्यानेच शिकवलेलं. मी भाता न थांबवता मान हलवली आणि म्हटलं, "लावा हो कुठेही!"

त्याने लावली. माझ्या नियमनिष्ठेकडे कौतुकाने बघितलं, टॉवेल घेतला आणि समुद्रावर निघून गेला.

दिवेलागणीला देऊळ गच्च भरलं. खालची आळी पहिल्या रांगेत, देवदर्शनाला आल्यासारखी. त्यांचा पेटीवाला तर मांडीवर हात ठेवून बोटं मोडत बसला होता. मी आधीच्या मंडळाच्या पेटीवाल्याच्या बाजूला सरकलो, त्याच्या हातावर हात ठेवला, भाता घेतला, तो अलगद उठला. सूर तुटला नाही. नमन सुरू झालं.

मी सांगतो तुम्हाला, तसं नमन त्या देवळाने ऐकलं नसेल. रोज इतक्या वेळा म्हटल्यावर पेटी आपोआपच वाजत होती. बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या बायकोनेसुद्धा मान डोलावली, आणि ती नाइलाजाने डोलावत असावी, कारण महिनाभर ती दुसरं काही ऐकतच नव्हती. पहिला अभंग झाला. वाहवा झाली. बुवांनी दुसरा घेतला. तो निम्म्यावर आला.

फोन मी घरी ठेवला होता. तेवढी अक्कल होती. पण कोंबडा फोनमध्ये राहिला नव्हता, तो आता गुडघ्यांत शिरला होता. अभंगाची ती ओळ आली आणि माझे हात वर गेले, गुडघे उचलले, मी अर्धा उठलोसुद्धा. डोळ्यांसमोर मोटरचं बटण. समोर बायकोने असे डोळे वटारले, की मी उभ्याचा परत आपटलो आणि दिसेल त्या पट्टीवर बोट ठेवलं. तेवढ्यात मृदंगवाल्याने थाप मारून जागा भरून काढली, म्हणून निभावलं. खालच्या आळीच्या पेटीवाल्याने बोटं मोडायची थांबवून ती मोकळी सोडली.

त्यानंतर मी परमुलखात होतो. दुसऱ्या अभंगाचा उत्तरार्ध मला ऐकून ठाऊक होता, वाजवून नाही. महिनाभराच्या रियाजात मी तिथे एकदाही पोचलो नव्हतो. सगळं आयुष्य नमनाच्या आणि झावळ्यांच्या मधे गेलं होतं. बुवा पुढे जात होते आणि मी त्यांच्या मागून, अंधारात दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा, चाचपडत. कधी भिंत लागे, कधी दार. बुवांनी चेहरा देवाकडे ठेवून गाण्यातच विचारायला सुरुवात केली. भजनात ही सोय असते. दोन नावांच्या मधे काहीही कोंबता येतं.

"विठ्ठल विठ्ठल... बोटं कुठं गेली रं... विठ्ठल विठ्ठल..."

मागच्या टाळकऱ्यांनी भक्तिभावाने तेही झेललं.

गौळण कशीबशी पार पडली. गजर लागला. आता पुढचं मंडळ येणार, हातावर हात ठेवणार आणि मी सुटणार, या एका आशेवर मी दाराकडे बघत होतो. दारातून आला तो देवळाचा पुजारी. वाकून बुवांच्या कानाशी बोलला, पण कर्ण्याचा माईक बुवांच्या तोंडाशीच होता, त्यामुळे ती खासगी गोष्ट किनाऱ्यापर्यंत पोचली.

"काशीदच्या मंडळाचा टेम्पो वळणावर अडकलाय. कुणीतरी गाडी आडवी लावलीय. पुण्याची. मालक सापडत न्हाय."

टेम्पो दोन कुंपणांच्या मधे, पुढे गाडी, मागे पर्यटकांची रांग. उतरायला दार उघडेना. आणि मालक कुठे सापडेल? तो समुद्रात, कमरेइतक्या पाण्यात, ब्रेक घेत होता.

मी खाली बघितलं. बायकोकडे तर अजिबात बघितलं नाही. तिला गाडी ठाऊक होती.

बुवांनी लय चढवली. दुसरं काय करणार? गजर खाली आणता येत नाही, सोडताही येत नाही. टाळ चढले, मृदंग चढला. माझी पेटी तिथेच. मी एक सा धरला आणि बुडत्या माणसाने ओंडका धरावा तसा धरून ठेवला. भाता मात्र मी जोरात मारत होतो. सुपाऱ्या परतून आणि झावळ्या ओढून डावा हात असा तयार झाला होता, की त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार सगळी उजव्याची. त्या एका सुराला लोक कंटाळले, मग मीही कंटाळलो, आणि उगाच शेजारच्या पट्टीवर गेलो. ती चुकीची होती. परत येताना बोट घसरलं आणि क्षणभर पेटी अशी केकाटली, की खालच्या आळीचा पेटीवाला मांडी सोडून उठला. उठलाच! सरकायला लागला. त्याचा हात माझ्या हातावर पडला असता, तर रीत पाळली गेली असती, सूर टिकला असता, आणि दिवेलागणीचा पहारा आमच्या हातून कायमचा गेला असता.

त्याच्याआधी दुसरा एक हात पडला. सुरकुतलेला, चुन्याचा डाग असलेला.

"सरक," मामा म्हणाले. "पेटीच्या पाठीमागं जाऊन बस. भाता सोडू नको."

मी उजवा हात खालून काढला. अगदी रीतीप्रमाणे, अलगद. डावा भात्यावरच ठेवून पेटीला वळसा घातला आणि समोरून, मामांच्या तोंडाकडे तोंड करून बसलो. मामांचा डावा हात पोटाशी तसाच. पण उजव्याला कुठे काय झालं होतं? महिनाभर आम्ही सगळे त्यांच्या डाव्या खांद्याकडे बघून हळहळत होतो. उजव्या हाताची चौकशी एकाही शहाण्याने केली नव्हती. आणि मामांनी तरी का सांगावं? विचारायला कोण गेलं होतं?

मग गजर काय चढला म्हणता! मामांची बोटं बुवांच्या पुढे धावत होती, वळून थांबत होती, चिडवत होती. बुवांच्या कपाळावर घाम. आणि मी? मी भाता मारत होतो. मधेच मामा पुटपुटायचे, "हळू... आता दाब... अरे, झावळी ओढतोस काय, पेटी हाय ती." मी दाबायचो. खालच्या आळीचा पेटीवाला अर्धवट उभा होता, तो तसाच हात जोडून देवाला नमस्कार करून बसला. उठलोच आहे तर देवासाठी उठलो, असा चेहरा करून.

काशीदचं मंडळ शेवटी टेम्पोच्या मागच्या फळीवरून उड्या टाकून, कुणाच्या तरी वाडीतून, पायाला चिखल लावून आलं. त्यांचा पेटीवाला सरकला. मामांच्या हातावर हात ठेवला. मग भाता घ्यायला त्याने डावा हात पुढे केला आणि गोंधळला, कारण भात्याच्या टोकाला निराळाच माणूस होता. मी नाइलाजाने सोडला. खरं सांगू? सोडवत नव्हता.

बाहेर आलो तर कॉम्प्युटरवाला टॉवेल गुंडाळून उभा, केसांतून पाणी गळतंय, भोवती निम्मी वरची आळी. मला पाहून त्याला धीर आला.

"काका, ऐकलं मी किनाऱ्यावर! शेवटी काय जबरदस्त वाजवलंत! सिस्टम चालली ना?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "चालली तर! गाडी तेवढी चालत नव्हती. चला, काढा ती आधी."

मामा देवळाच्या ओट्यावर बसून विडा लावत होते. एका हाताने, म्हणून पान सारखं उलगडत होतं. मी जाऊन पान धरलं. त्यांनी चुना लावला, सुपारी घातली, सावकाश. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"भाता बरा मारतोस. उद्यापास्नं ये दुपारी. एक सूर आधी नीट लाव."

"किती वेळ बसायचं, मामा?"

मामांनी विडा तोंडात टाकला. एवढ्यात आमच्या वाडीकडून शेजारणीचा कोंबडा, दिव्यांच्या उजेडाला फसून, भलत्याच वेळी आरवला. माझे गुडघे उचलले.

"बस खाली," मामा म्हणाले.